वारणेपलीकडचा रविवार

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये मला वारणानगरजवळच्या एका हायस्कुलात भूगोलाचा मास्तर म्हणून नोकरी लागली आणि आम्ही दोघं नवरा-बायको गडहिंग्लज सोडून उत्तरेला राहायला आलो. उत्तरेला म्हणजे जिल्ह्याच्या उत्तरेला. कोल्हापूरच्या स्टँडवर एकदा एसटी बदलली की पोचलो. पण आमच्या गल्लीत ही बातमी अशी फिरली की जणू मी हिमालयाच्या पायथ्याला निघालोय. माझ्या सासूबाईंनी, अंबूबाईंनी, दोन जाड घोंगडी बांधून दिली. तिकडं थंडी फार असेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मीच. नोकरी लागल्याच्या आनंदात मी त्यांना अक्षांश, रेखांश आणि हवामान यावर तासभर व्याख्यान दिलं होतं. दोन्ही गावांच्या अक्षांशात पाऊण अंशाचासुद्धा फरक नाही, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

शाळेजवळच्या कोडोली गावात आम्हाला खोली मिळायला पंधरा दिवस लागले. पहिल्या तीन घरांत बोलणं आडनावापर्यंत नीट चाललं. कांबळे म्हटल्यावर एकाला पुतण्याचं लग्न आठवलं, एकाची खोली आदल्या दिवशीच दिली गेली होती, आणि तिसऱ्यानं नुसतं आभाळाकडं बघितलं. चौथं घर बनाबाईंचं. या विधवा बाईंनी एकच विचारलं, पाणी किती लागतं? कमी लागतं, असं आम्ही एकाच वेळी म्हणालो आणि खोली मिळाली.

माझं बरं चाललं होतं. शाळेत मला खडू, नकाशे आणि ऐकून घेणारी साठ पोरं होती. माझ्या बायकोचं, संघप्रियाचं, तसं नव्हतं. गडहिंग्लजला असताना हिचा आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाला ऐकू जायचा. इथं नळावर ती पहिल्या दिवशी कोणालातरी म्हणाली, "बाजाराला जाऊलोय," आणि बायका हसल्या. इकडं जातोया म्हणतात, आमच्या दक्षिणेत कानडीच्या शेजारानं जाऊलोय म्हणतात. त्या वाईट मनानं हसल्या नव्हत्या, पण हिनं त्या दिवसापासून नळावर बोलणंच बंद केलं. घागर भरायची, घरी यायचं, दार लोटायचं. दिवाळी झाली तरी तिला कोडोलीतला बाजार आणि नळ यांपलीकडं काही माहीत नव्हतं.

म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या रविवारी आपण हिंडायला जायचं, असं मी जाहीर केलं. कुठं जायचं ते तिनं ठरवलं. पोहाळ्याची लेणी. जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला पोहाळे आहे आणि तिथं बौद्ध लेणी आहेत. तिचे वडील तरुणपणी तिथं चालत गेले होते. दगडातल्या गार खोल्या आणि भिक्खूंच्या बसायच्या जागा यांचं वर्णन ती लहानपणापासून ऐकत आली होती. मला हे फार आवडलं, कारण मला नकाशा काढायला निमित्त मिळालं.

तो नकाशा मी तीन संध्याकाळी बसून काढला. नदी निळ्या शाईत, रस्ते तांबड्या, डोंगर तपकिरी पेन्सिलीनं. खाली प्रमाण लिहिलं. वर डाव्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला आणि त्याला छान टोक केलं. मग रस्त्यावर दोरा ठेवून अंतर मोजलं आणि त्यावरून पेट्रोलचा हिशेब केला. गाडी माझी नव्हती. आमच्या शाळेतले चित्रकलेचे हंबीरराव सर यांची एम-एटी ही लहान दुचाकी मी मागून आणली होती. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, टाकी भरून घ्या. मी त्यांना दोऱ्याबद्दल समजावून सांगितलं. चित्रकलेच्या माणसाला एवढं कुठलं कळायला, असं माझ्या मनात आलं होतं, हे कबूल करतो.

सकाळी सातला निघालो. धुकं इतकं होतं की एम-एटीचं पुढचं चाक मला दिसत होतं आणि त्याच्या पुढचं जग नव्हतं. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस उभा, पुरुषभर उंच. गावाबाहेर तिठा लागला. तिथं एक दूधवाला सायकलला किटल्या अडकवून उभा होता. त्याला विचारू या, असं संघप्रिया म्हणाली.

आता इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी वाट विचारत नाही. त्या वेळेपर्यंत मी आयुष्यात कोणाला वाट विचारली नव्हती. लोकांना वाटायचं, मास्तरला विद्येची घमेंड आहे. होतीच. पण घमेंड नंतर आली. लहानपणापासून वडलांबरोबर हिंडताना मी बघत आलो होतो की आपण वाट विचारली की समोरचा आधी आपल्यालाच विचारतो. कुठलं पावणं, कुणाच्यातलं, आडनाव काय. त्याचं उत्तर दिल्यावर कधी वाट मिळायची, कधी नुसतं बोट मिळायचं, आणि कधी चेहऱ्यावर असं काहीतरी यायचं की ती वाट चालायची इच्छाच उरायची नाही. त्यापेक्षा चार मैल चुकलेलं मला परवडायचं. नकाशाचा नाद मला त्यातूनच लागला असावा. नकाशा आडनाव विचारत नाही.

हे सगळं मी तेव्हा बायकोला सांगितलं नाही. मी म्हटलं, "भूगोलाच्या मास्तराला तू वाट विचारायला लावतेस?" आणि गाडी उजवीकडं वळवली.

पंधरा-वीस मिनिटांनी एक पूल लागला. माझ्या नकाशावर पोहाळ्याच्या वाटेत पूल नव्हता. संघप्रियानं मागून विचारलं की ही कसली नदी. नदी नाही, कालवा आहे, असं मी सांगितलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, कालव्यात एवढी मोठी होडी कशी? मी खाली बघितलं तर धुक्यात खरंच एक होडी बांधलेली होती. सहकारी चळवळीमुळं या भागात कालवे रुंद काढतात, असं उत्तर मी दिलं. हे मी कुठून आणलं, ते आजही मला माहीत नाही.

पुढं एक मैलाचा दगड आला. त्यावर इस्लामपूर असं लिहिलेलं होतं, आकडा झिजलेला होता. तो तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. मी म्हणालो, जुना दगड आहे, जुन्या दगडांवर विश्वास ठेवायचा नसतो. मग समोरून इस्लामपूरची पाटी लावलेली एसटी आली. तीसुद्धा तिनं वाचली. मी म्हणालो, ड्रायव्हरनं पाटी बदलली नसेल. यानंतर ती काही वाचेनाशी झाली. पण माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलेलं होतं आणि ते हलत होतं. ती रडते आहे की काय असं वाटून मला वाईट वाटलं. आपण हिला हिंडायला आणलं आणि धुक्याशिवाय काही दाखवलं नाही.

एका गावात शिरता शिरता एम-एटीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. दोऱ्यानं मोजलेलं पेट्रोल संपलं होतं. गाडी थांबली ती बरोबर एका शाळेसमोर. धुकं विरळ व्हायला लागलं होतं. भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं हळूहळू दिसायला लागलं. जिल्हा परिषद सांगली, प्राथमिक शाळा.

मी ती पाटी दोनदा वाचली. लेणी बघायला निघालेला मी वारणा नदी ओलांडून आख्खा कोल्हापूर जिल्हाच मागं टाकून आलो होतो. मागं वळून बघितलं तर संघप्रिया गाडीवरून उतरून कंपाउंडला धरून उभी होती आणि तोंडावर पदर घेऊन हसत होती. ती पुलापासून हसत होती, हे मला तेव्हा समजलं. जूननंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो. मला राग यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही.

शाळेला लागून एक कौलारू घर होतं. ओसरीवर एक म्हातारी बाई सुपात शेंगा फोडत बसली होती. मी नकाशा उलगडला आणि त्यात सांगली जिल्हा कुठं मावतो ते बघायला लागलो. तो मावत नव्हता. तेवढ्यात संघप्रिया माझ्या शेजारून निघून सरळ ओसरीपाशी गेली आणि तिनं विचारलं, "मावशी, पोहाळ्याला जाऊलोय आम्ही. वाट कुठली?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. पोहाळे म्हणजे जोतिबाजवळचं का, अशी खात्री करून घेतली. मग आम्ही कुठून आलो ते विचारलं. कोडोलीहून, असं कळल्यावर तिनं माझ्याकडं, माझ्या हातातल्या रंगीत कागदाकडं आणि मग माझ्या पाठीमागं बघितलं.

"मागं वळा पावणं," ती म्हणाली. "जोतिबाचा डोंगुर त्यो काय. नदीपल्याड. तुमी त्येच्याकडं पाठ करून आलाईसा की."

मी वळलो. धुकं उठलं होतं. दक्षिणेला, लांब, सगळा डोंगर उन्हात स्वच्छ उभा होता.

मग मला ठाऊक असलेला प्रश्न आलाच. मूळचं गाव कुठलं, आणि कुणाच्यातलं तुमी? माझी मान आपोआप खाली गेली आणि मी गाडीचा प्लग बघायला लागलो. प्लगला काही झालेलं नव्हतं.

"कांबळे. बौद्ध हाय आम्ही. गडहिंग्लजचं," संघप्रिया म्हणाली. पूर्वीच्या आवाजात. गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या.

म्हातारी बरं म्हणाली आणि उठून आत गेली.

ती गेली आणि बाहेर येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी बायकोला हळू आवाजात म्हणालो की चल, आपण गाडी ढकलत जाऊ. ती ओसरीच्या कडेला बसून सुपातल्या शेंगा फोडायला लागली होती. थांबा जरा, एवढंच ती म्हणाली. मी थांबलो, पण मनात मी केव्हाच पुलापर्यंत गाडी ढकलत नेली होती. बोट मिळालं, वाट मिळाली, आता आणखी कशाला थांबायचं. अशा वेळी माणसं आत जातात ती बाहेर न येण्यासाठी, हे मला पाठ होतं.

म्हातारी बाहेर आली ती परात घेऊन. दोन भाकऱ्या, गरम पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. चूल विझली होती, ती परत पेटवायला वेळ लागला, असं ती म्हणाली. तिनं आम्हाला ओसरीवर बसवलं, तांब्या पुढं ठेवला आणि स्वतःही शेजारी बसली. चिमणाबाई तिचं नाव. प्रत्येक ओसरीवर असंच झालं असतं असं मी म्हणणार नाही. ते तीन घरमालक मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी त्या ओसरीवर माझा अंदाज चुकला. त्या सकाळी माझं इतकं काही चुकलं होतं की आणखी एकाची भर पडली, तिचं मला काहीच वाटलं नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्यातली एक संघप्रियाची होती आणि तिसरी मागून घेतलेली.

तोवर या दोघी पार वाहवत गेल्या होत्या. जाऊलोय ऐकून चिमणाबाईही हसली, पण तिनं ते पुन्हा म्हणायला लावलं आणि स्वतः म्हणून बघितलं. तिची एक नणंद गडहिंग्लजकडं दिलेली होती, तीसुद्धा असंच बोलायची म्हणे. संघप्रिया तिला आणखी शब्द सांगत राहिली. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की पाच महिन्यांत ती माझ्याशी एवढं बोललेली नाही. आता मीच पाच महिने बोलत असल्यामुळं तिला सवड मिळाली नव्हती, हे वेगळं.

पेट्रोलचा प्रश्न राहिला. गावात बाटलीतून पेट्रोल विकणारा एक जण होता, पण तो पाहुण्यांकडं गेलेला. चिमणाबाईचा मुलगा केरबा अकराच्या सुमाराला ऊस भरून ट्रॅक्टर घेऊन नदीपल्याड, आमच्याच वारणानगरच्या साखर कारखान्याकडं निघणार होता. तो आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसू आवरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि तोडगा काढला. बाईंनी ट्रॅक्टरवर शेजारी बसायचं आणि गुरुजींनी एम-एटीवर. एम-एटी ट्रॉलीच्या मागं दोरानं बांधायची.

कारखान्याकडं जाताना ट्रॅक्टरला उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात. त्या ट्रॉल्यांच्या मागं दोराच्या टोकाला मी. ट्रॉलीतून लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, माझ्या तोंडावर झाडूसारखं फिरत होतं. वाळक्या पानांचं पाचट उडत होतं. रस्त्याची धूळ ट्रॅक्टरच्या चाकांपासून निघायची आणि मुक्कामाला माझ्याकडं यायची. मला ना डावीकडचं दिसत होतं ना उजवीकडचं. पुढं उसाचे बुडखे, तेवढंच. नवा मुलूख बघायला निघालेला माणूस त्या मुलखातला फक्त ऊस बघत, तोही मागच्या बाजूनं, ओढला जात परत चालला होता. आणि पुढं, मडगार्डवर उंच बसून, संघप्रिया सगळं बघत होती. केरबा हात करून दाखवायचा आणि तिचा प्रश्न वाऱ्यावरून माझ्यापर्यंत यायचा. ते कुठलं देऊळ, हे रान कुणाचं, तिकडं ते पांढरं काय दिसतंय. उत्तरं माझ्यापर्यंत येत नव्हती.

पूल ओलांडून थोडं पुढं आलो आणि दोर तुटला.

मी ओरडलो. ट्रॅक्टरच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. ट्रॉल्या डुलत डुलत वळणावरून दिसेनाशा झाल्या. मी गाडी ढकलत पुढं गेलो तर समोर एक तिठा. सकाळचा तोच की दुसरा, ते सांगता येईना, कारण सकाळचा मी धुक्यात बघितलेला. तिन्ही वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे. मी खिशात हात घातला. नकाशा चिमणाबाईच्या ओसरीवर राहिला होता. भाकरीखाली घ्यायला मीच तो पसरला होता.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मग उसातून एक म्हातारा माणूस वैरणीचा भारा घेऊन बाहेर आला. त्यानं भारा टेकवला, माझ्याकडं बघितलं. माझ्या केसांत पाचट होतं, तोंडावर धूळ होती. मी घसा साफ केला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते एकदम बाहेर पडलं. मी म्हटलं, "नमस्कार. मी कृष्णात पिराजी कांबळे. बौद्ध. मूळ गडहिंग्लजचा. राहायला कोडोलीत, बनाबाईंच्या खोलीत. हायस्कुलात भूगोल शिकवतो. कोडोलीची वाट कुठली?"

म्हाताऱ्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वाट सांगतो की गुर्जी," तो म्हणाला. "पोलिसात जबाब दिल्यागत कशाला सांगतायसा?"

आणि त्यानं हात वर केला. माझ्या डोक्यावरून, उसाच्या शेंड्यांपलीकडं, कारखान्याची चिमणी धूर सोडत उभी होती. ती तिथं सगळा वेळ होती. तिच्याकडं तोंड करून चालत जावा, तो म्हणाला, पुढं कोडोली चुकायची न्हाई. मग त्याला वाटलं असावं, या माणसाला एवढं पुरायचं नाही. तो भारा तिथंच ठेवून माझ्याबरोबर वळणापर्यंत आला आणि त्यानं मला योग्य रस्त्यावर उभं केलं. ज्ञानू त्याचं नाव. हे मी विचारलं, त्यानं आपण होऊन सांगितलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर समोरून संघप्रिया चालत येताना दिसली, हातात तुटलेल्या दोराचं टोक घेऊन. कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर लागल्यावर केरबानं मागं बघितलं आणि दोराला गुरुजी नाहीत हे त्यांना तिथं कळलं. केरबाला रांग सोडता येईना, म्हणून ती एकटीच निघाली होती. तिला वाट कोणी दाखवली, असं मी विचारलं. सांगताना तिनं बोटं मोजली. एक चहावाला, दोन ऊसतोडणीच्या बाया, आणि एक पोस्टमन, जो रविवारी म्हैस घेऊन चालला होता.

मी कोणाला वाट विचारली, ते मीही तिला सांगितलं. सकाळी तिठ्यावर जे सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. ती चालता चालता थांबली. मला ठाऊक होतं, ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा आपण निपाणीला गेलो, तेव्हा तुम्ही मला उन्हात अडीच तास फिरवलं, तेव्हाच मला समजलं होतं. मग तुला भीती नाही वाटत का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटती की. पण मला घरी पण पोचायचं असतंय.

यावर मी व्याख्यान दिलं नाही, केसांतलं पाचट काढत राहिलो. माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे.

आम्ही गाडी ढकलायला लागलो, मी हँडल धरून, ती मागून. दुपारचं ऊन तोंडावर होतं. ढकलता ढकलता ती मला हा सगळा मुलूख सांगायला लागली. ते तिकडं झाडीत दिसतं ते अमुक गाव, त्याच्या पलीकडं तमुक, या ओढ्याला पावसाळ्यात पाणी इतकं येतं, त्या माळावर यात्रेच्या वेळी कुस्त्या होतात. केरबानं सांगितलेलं सगळं तिच्या ध्यानात राहिलं होतं. मी ऐकत चाललो. दोन गावं तिनं उलटसुलट सांगितली आणि एका ओढ्याला तिनं भलतंच नाव दिलं. मी काही दुरुस्त केलं नाही.